डाव्या हाताचं काम

त्याला सगळे मानकरी म्हणत. कुणी त्याचा कधी सत्कार वगैरे केला नव्हता. तो लोकांच्या आखडलेल्या माना मोकळ्या करून देई, म्हणून मानकरी. धंद्यानं न्हावी. बाजाराच्या कोपऱ्यावर तीन खुर्च्यांचं दुकान. त्यातली एक खुर्ची वर गेली की खाली यायचं नाव घेत नसे, म्हणून तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. केस कापायला माणसं कुठंही जात, पण मान धरली की पाय आपोआप त्याच्या दुकानाकडे वळत. त्याचा उजवा हात मानेवर पडला की गिऱ्हाइकाच्या तोंडून आधी 'आई गं' निघे, मग 'अहाहा', आणि मग घोरणं.

त्याच्या बायकोलाही टोपणनाव होतं. ती गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तो ती अशा बेतानं दाबे की शिकणाऱ्याला वाटावं, आपणच गाडी थांबवली. म्हणून ती ब्रेकबाई. बावीस वर्षांत तिनं वकील, शिंपी, दोन डॉक्टर आणि एक जन्माचा घाबरट दंतवैद्य अशा सगळ्यांना शिकवलं होतं. "लोकांना रस्त्यावर आणणं हाच माझा धंदा," असं ती अभिमानानं सांगे. तिनं हात टेकले ते फक्त नवऱ्यापुढं. मानकऱ्यानं चार वेळा परीक्षा दिली, चौथ्या वेळी परीक्षक म्हणाला, "तुम्ही चालत जात जा. तब्येतीलाही बरं."

असं हसतखेळत चाललेलं असताना गेल्या वर्षी ब्रेकबाईला उजव्या स्तनात गाठ लागली. तपासणी झाली, कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं. रिपोर्ट वाचून दाखवताना सर्जनबाईंनी सांगितलं की काखेतल्या दोन ग्रंथींमध्येही त्या पेशी सापडल्यात, म्हणून तिथल्या सोळा ग्रंथी काढाव्या लागल्या.

मानकऱ्याला काही उमजेना. "गाठ छातीत होती ना? मग काखेत कशी गेली? पाय फुटले का तिला?"

"पाय नाही, वाटा फुटल्या," सर्जनबाई म्हणाल्या. त्यांनी कागद ओढून चित्र काढलं. रक्ताच्या नळ्यांसारख्याच अंगात आणखी बारीक नळ्या असतात, लसिकेच्या. पेशींच्या अधेमधे जे पाणी झिरपतं ते गोळा करून परत रक्तात नेऊन सोडायचं, हे त्यांचं काम. वाटेत या ग्रंथी म्हणजे चौक्या. तिथं ते पाणी गाळलं जातं. "गाठ लबाड असते. ती असा रस सोडते की त्यानं भोवतीच्या नळ्यांना नवे फाटे फुटावेत. फाटे फुटले की तिच्या पेशी त्यात शिरतात आणि पहिल्या चौकीवर जाऊन बसतात. तुमच्या गाठीभोवती असे फाटे बरेच दिसले."

"म्हणजे चोरानं आधी रस्ता बांधून घेतला आणि मग पळाला," ब्रेकबाई म्हणाली.

"पण फार लांब गेला नाही," सर्जनबाई म्हणाल्या.

पुढं औषधं झाली, किरणं झाली. केस गळायला लागले तेव्हा ब्रेकबाई स्वतः होऊन दुकानात जाऊन बसली आणि म्हणाली, "इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा नंबर लागला माझा." ते दिवसही सरले. केस परत आले, आधीपेक्षा कुरळे. तिनं पुन्हा गाडी सुरू केली.

आठ महिन्यांनी एका सकाळी ती आरशासमोर जाकीट घालत होती आणि मानकरी मागं उभा राहून चहा पीत होता. दोन्ही कल्ले एका रेषेत आहेत की नाहीत हे बघण्यात ज्याची तीस वर्षं गेली, त्याच्या नजरेतून बायकोचा उजवा हात सुटणार कसा?

"बाही घट्ट झालीय उजवी," तो म्हणाला.

"जाकीट आटलंय."

"एकाच बाजूनं?"

ब्रेकबाई पलंगावर बसली. जाकिटाचा अर्धा भाग अंगात, अर्धा बाहेर. "महिना झाला," ती म्हणाली. "घड्याळाचा पट्टा दोन भोकं पुढं गेलाय. संध्याकाळी हात जड होतो, कुणीतरी वाळू भरल्यासारखा."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, बोलले असते तर खरं झालं असतं."

दोघंही दवाखान्यात गेली. तपासण्यांचा निकाल यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मानकऱ्यानं एका गिऱ्हाइकाच्या मिशा विचारल्याशिवाय उडवल्या, आणि ब्रेकबाईनं कधी नव्हे ते हिरव्या दिव्याला गाडी थांबवली.

चौथ्या दिवशी सर्जनबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. कुठंच नाही. ही लसिकेची सूज आहे."

मानकऱ्यानं इतका मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. ब्रेकबाई मात्र सवयीनं पुढचं वळण बघू लागली. "मग हात का सुजला?"

"काखेतल्या चौक्या आम्ही काढल्या. किरणांनी तिथली जागा थोडी कडक झाली. हातातून येणाऱ्या पाण्याला वाट अपुरी पडतेय, म्हणून ते साठतंय. आता त्याला बाजूच्या वाटांनी न्यायला हवं. शरीर स्वतःही थोड्याफार नव्या नळ्या उगवतं, जुन्या रुंद करतं. त्याला मदत करायची."

ब्रेकबाईनं भुवया चढवल्या. "थांबा हं. तेव्हा नव्या नळ्या फुटल्या म्हणून घात झाला, आणि आता नव्या फुटाव्यात म्हणून वाट बघायची?"

सर्जनबाई खुर्चीत मागं रेलून हसल्या. "बरोबर पकडलंत. नळीचा दोष नसतो हो. कोण बोलावतं आणि आत कोण शिरतं, त्यावर सगळं. त्या वाढण्याला कुठं थांबवावं आणि कुठं चालना द्यावी, यावर संशोधन करणारी माणसं डोकी फोडतायत. माझ्याकडे आज तरी तसलं औषध नाही. आहे ती घट्ट बाही, व्यायाम आणि एक खास मालिश. पुढच्या आठवड्यात आमच्या फिजिओला भेटा."

मालिश हा शब्द कानावर पडताच मानकरी खुर्चीत ताठ झाला. "डॉक्टर, त्याची काळजी सोडा. तो माझ्या डाव्या हाताचा मळ."

आता फिजिओची वेळ होती आठवड्यानं. पण मधल्या काळात मानकऱ्याची थोरली बहीण, आक्का, भावजयीला बघायला आली. आक्काकडे प्रत्येक दुखण्यावर एकच उपाय असे. हात बघून ती म्हणाली, "अरे, घरात एवढा मालिशवाला असताना फिजिओ कशाला? तेल घे आणि चांगला रगड. सूज म्हणजे काय, घाबरवली की पळते."

ब्रेकबाई म्हणाली, "थांबू या की आठवडाभर." पण मानकऱ्याचे हात शिवशिवत होते. बायकोच्या दुखण्यात वर्षभर त्याला काही करता आलं नव्हतं. फायली उचलायच्या आणि बाकावर बसायचं, एवढंच. आता पहिल्यांदा त्याच्या हातातलं काम आलं होतं. त्यानं तेल कोमट केलं आणि तिचा हात असा रगडला की पोस्टमास्तर असते तर त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पोस्टमास्तर म्हणजे त्याचं सर्वात जुनं गिऱ्हाईक, पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात आणखी फुगला होता आणि लाल दिसत होता. मानकऱ्यानं त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. तो स्वयंपाकघरात भांडी घासत राहिला, घासलेलीही परत घासली.

"अहो, त्या पातेल्याला कल्हई नको," ब्रेकबाई बाहेरून ओरडली. "या इकडं. मला रागबिग आलेला नाही. दवाखान्यात फोन केलाय, आजच बोलावलंय."

फिजिओ म्हणजे एवढीशी पोरगी. टेबलाआड बसली की फक्त चष्मा आणि केसांचा बुचडा दिसे. तिनं आधी हात नीट तपासला, ताप आहे का पाहिलं, जंतुसंसर्ग नसल्याची खात्री केली. मग मनगटापासून वर दर दहा सेंटीमीटरवर पेनानं खुणा केल्या आणि टेपनं दोन्ही हात मोजले. कोपराखाली साडेतीन सेंटीमीटरचा फरक.

"कुणी रगडला हा?" तिनं विचारलं.

मानकऱ्यानं शाळेतल्यासारखा हात वर केला.

"काका, या नळ्या कातडीच्या अगदी खाली असतात, कोवळ्या. जोर दिला की त्या दबतात, आणि तिथं जास्त रक्त धावून पाणी उलट वाढतं. इथं स्नायू नाही हलवायचा. फक्त कातडी. हलकेच ताणायची आणि सोडायची. तीही आधी हाताची नाही. आधी मान, मग दुसऱ्या बाजूची काख, मग छातीवरून आडवं, मग दंड, आणि मनगट सगळ्यात शेवटी."

"हे उलटं झालं," मानकरी पुटपुटला.

"उलटं कसलं? पुढचा चौक मोकळा केल्याशिवाय मागच्या गाड्या सोडून काय उपयोग?" ब्रेकबाई म्हणाली, आणि फिजिओनं तिच्याकडे कौतुकानं पाहिलं.

मग फिजिओनं आपलाच हात पुढं केला. "करून दाखवा बरं."

मानकऱ्यानं केलं.

"काका, कणीक मळताय का? हलकं."

त्यानं आणखी हलकं केलं.

"अजून."

"आता याहून हलकं म्हणजे हात लावायचाच नाही की काय?"

"लावायचा. पण हाताला कळलं पाहिजे आणि हाडाला नाही."

तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला फिजिओ नम्रपणे म्हणाली की काकूंनी स्वतःच्या डाव्या हातानं केलं तरी चालेल, काका बाही चढवायला मदत करतील. परतताना मानकरी वाटभर आपल्या हातांकडेच बघत होता. तीस वर्षं ज्या हातांपुढं अख्ख्या बाजारानं मान तुकवली, त्यांना आता बाही चढवायचं काम!

"तोंड पाडू नका," ब्रेकबाई म्हणाली. "नवशिके सगळे असेच. जोर लावला की गाडी पुढं जाते असं वाटतं त्यांना. उद्यापासून मी शिकवते."

आणि तिनं खरंच शिकवायला घेतलं. रोज सकाळी सातला दोघं खिडकीजवळ बसत. ती खुर्चीत, तो स्टुलावर. तिची शिकवायची रीत ठरलेली: कमी बोलायचं, वेळेवर थांबवायचं. त्याचा अंगठा जरा रुतला की तिचा पाय फरशीवर दाणकन आपटे. तिला ते कळतही नसे. बावीस वर्षांची सवय. दहा मिनिटांत सात-आठदा ब्रेक लागे.

"अगं, फरशी फुटेल."

"मग जोर कमी करा."

दुकानातही त्यानं सराव सुरू केला. मान धरलेली माणसं येत, तो हळुवार हात फिरवी, आणि ती आरशातून त्याच्याकडे संशयानं बघत. पोस्टमास्तर तर उखडलेच. "मालिश करतोयस की आशीर्वाद देतोयस?"

"नवी पद्धत आहे."

"जुनी आण. माझी मान अजून तिथंच आहे."

असे पंधरा दिवस गेले. ब्रेकबाईचा पाय आपटायचा थांबेना. मानकऱ्याच्या मनात आलं, ज्याला गाडी जमली नाही त्याला हेही जमायचं नाही.

एका मंगळवारी पोस्टमास्तर दाढीला आले. पंचाहत्तरीतला माणूस, गाल सैल, सुरकुत्यांत सुरकुत्या. असल्या गालावर वस्तरा नुसता ओढला तर रक्तच निघायचं. मानकऱ्यानं फेस लावला, डाव्या हाताची दोन बोटं गालावर टेकवली, कातडी कानाकडे हलकेच ताणली, उजव्या हातानं वस्तरा फिरवला, बोटं सोडली. पुन्हा ताणली, वस्तरा, सोडली. हजारो वेळा केलेलं काम. यात मन घालायची गरजच नसे. पण चौथ्यांदा बोटं सोडताना तो थबकला. ताणायची आणि सोडायची. स्नायू नाही, नुसती कातडी.

त्यानं वस्तरा खाली ठेवला. डावी बोटं पुन्हा गालावर टेकवली. ताणली, सोडली. ताणली, सोडली. त्या बोटांना कुणी हलकं व्हायला शिकवलं नव्हतं. ती पहिल्यापासून हलकीच होती. कौतुक सगळं उजव्या हाताचं व्हायचं, दम त्याचा, नाव त्याचं. आणि हा बिचारा डावा तीस वर्षं मुकाट्यानं कातडी ताणत उभा होता. इतके दिवस मी चुकीच्या हाताला शिकवत होतो!

"अरे, वस्तरा कुठंय?" पोस्टमास्तरांनी एक डोळा उघडला.

"थांबा. मला काहीतरी सापडलंय."

"माझ्या गालात?"

"तुमच्या गालातच! अर्ध्या तासात येतो. दुकान सांभाळा."

आणि तो निघालाच. गळ्यात टॉवेल, एका गालाला फेस अशा थाटात पोस्टमास्तर दुकान सांभाळत बसले, आणि तेवढ्यात आलेल्या दोघा गिऱ्हाइकांना त्यांनी गंभीरपणे सांगितलं, "मालकांना शोध लागलाय. बसा."

ब्रेकबाई कपड्यांच्या घड्या घालत होती. नवरा भरदुपारी धापा टाकत आलेला पाहून तिच्या हातातली चादर गळली. "काय झालं? कोण पडलं?"

"कुणी नाही. बस खिडकीत."

त्यानं हात धुतले, पुसले, गालाला लावून ऊब पाहिली. उजवा हात मांडीखाली दाबून ठेवला, मध्ये लुडबुड नको म्हणून. मग डाव्या हाताची बोटं तिच्या मानेवर टेकवली, गळपट्टीच्या हाडाच्या वरच्या खळग्यात, फिजिओनं दाखवलं होतं तिथं. ताणलं. सोडलं. मग दुसरी काख. मग छातीवरून आडवं. मग दंड. तो मनात दाढीच करत होता. फक्त वस्तरा नव्हता.

तो तिच्या पायाकडे बघत होता. पाय हलला नाही.

मनगटापर्यंत आल्यावर त्यानं मान वर केली. ब्रेकबाईनं डोळे मिटले होते.

"कोण आहे हा माणूस?" ती डोळे न उघडता म्हणाली.

"का? आवडला?"

"कालपर्यंत एक पैलवान यायचा. त्याला सांगा, येऊ नकोस."

तो इतका हसला की स्टूल कलंडलं. मग आठवलं, पोस्टमास्तर तसेच बसलेत. तो परत धावला. उरलेला गाल त्यानं इतक्या मायेनं केला की पोस्टमास्तर उठताना म्हणाले, "शोध काय लागला ते नाही कळलं, पण गाल आजवर असा झाला नव्हता."

पुढच्या शनिवारी फिजिओनं परीक्षा घेतली. मानकऱ्यानं डावा हात ठेवला मात्र, तिनं चष्मा वर सरकवला. "काका, कुणाकडे शिकलात?"

"एका पोस्टमास्तरांच्या गालावर."

सहा आठवड्यांनी टेप पुन्हा लागला. साडेतीनचा फरक दीडवर आला होता. घट्ट बाही ब्रेकबाईनं मुद्दाम भडक नारिंगी रंगाची निवडली होती. शिकाऊ मुलांना लांबून दिसावी म्हणून. फिजिओनं स्पष्ट सांगितलं, "हे आता कायमचं सांभाळायचं. बाही, व्यायाम, हाताला खरचटू द्यायचं नाही, लाल झाला की लगेच यायचं." ब्रेकबाई म्हणाली, "गाडीचंही तसंच असतं. एकदा दुरुस्त केली म्हणून तेल घालायचं सोडतं का कुणी?"

वर्षाच्या तपासणीत सर्जनबाईंनी सगळे रिपोर्ट उलटेपालटे करून पाहिले आणि फाईल मिटली. स्वच्छ.

"आणि नव्या वाटा? फुटल्या का?" ब्रेकबाईनं विचारलं.

"काही जुन्याच रुंद झाल्या असतील, काही नव्याही फुटल्या असतील. त्या मोजायला हात उघडून बघणार नाही मी. चालतोय ना?"

"पळतोय."

त्या दिवशी बाहेर पडताना फिजिओनं दोघांना गाठलं. तिच्याकडे असे पाच-सहा पेशंट होते. बायकांच्या हातापेक्षा त्यांच्या घरच्यांचीच अडचण जास्त. कुणी रगडतं, कुणी हातच लावत नाही. "काका, महिन्यातून एक शनिवार याल का? मी सांगून थकते. तुमचं ऐकतील."

"मी?" मानकरी म्हणाला. "अगं, मला तर तू नापास केलं होतंस."

"म्हणूनच तर."

पहिल्या शनिवारी दवाखान्याच्या वरच्या खोलीत पाच जोड्या जमल्या. एक मायलेकींची, एक बहिणींची, आणि तीन नवराबायकोंच्या. मानकऱ्यानं नवा शर्ट घातला होता आणि त्याला घाम फुटला होता. ब्रेकबाई मागच्या खुर्चीवर नारिंगी हात घडी घालून बसली होती. सुरुवातीला त्यानं आपण काय काय चुकलो ते सगळं सांगितलं, आक्कासकट, तेलासकट. खोली हसून मोकळी झाली.

कोपऱ्यात एक गवंडी बसला होता. हात फावड्यासारखे, चुन्यानं भेगाळलेले. ते त्यानं खिशात लपवले होते. त्याची बायको फिजिओला म्हणाली, "चार महिने झाले ताई. यांनी माझ्या हाताला हात लावलेला नाही. मोडेल म्हणतात."

गवंडी खाली बघत म्हणाला, "खरखरीत आहेत हो. हिला ओरखडे उठतील."

मानकरी त्याच्यासमोर स्टूल ओढून बसला. "दाखवा." त्यानं ते हात उलटसुलट करून पाहिले, टेबलावरच्या बरणीतलं मलम काढून बोटांना चोळलं. "गिलावा झाल्यावर शेवटचा हात कसा फिरवता? ओल्या भिंतीवर?"

"अगदी अलगद. नाहीतर वळ उठतो."

"कुठल्या हातानं?"

गवंड्यानं विचार केला. हवेत हात फिरवून पाहिला. "उजव्याच."

"मग उजव्यानं करा. ज्याचा जो हात हलका तो त्याचा."

गवंड्यानं बायकोच्या मानेवर बोटं टेकवली. ती जरा दचकली, मग हसली. ताणलं, सोडलं. फिजिओ शेजारी उभी राहून क्रम सांगत होती. दुसरी काख, छाती, दंड. बाकीचे आपापलं काम सोडून बघायला लागले. दंडापर्यंत येता येता गवंड्याच्या बायकोची मान हळूच कलली आणि ती चक्क झोपली. हलकंसं घोरूही लागली.

गवंडी जागच्या जागी थिजला. बोटं तशीच ठेवून त्यानं मानकऱ्याकडे पाहिलं आणि कुजबुजला, "आता काय करू? थांबू?"

"मुळीच थांबू नका," मागून ब्रेकबाई तितक्याच हळू आवाजात म्हणाली. "छान चाललंय. मनगट राहिलंय अजून."